स्मार्ट फीडर, कॉलर की कॅमेरा? आधी सांगा, यंत्र बंद पडलं तर प्राण्याचं काय होणार

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं दिसतंय: डिझाइनचं शेवटचं वर्ष, चौघांची टीम, हातात चौदा आठवडे, आणि पेट केअरची एक 'स्मार्ट इकोसिस्टिम' करायचीये, म्हणजे ऑटोमॅटिक फीडर, हेल्थ कॉलर, कॅमेरा आणि या सगळ्याचं मिळून एक अॅप. गाइड म्हणतात यात इनोव्हेशन दिसत नाही, म्हणून तुम्ही विचारताय की एआय टाकलं तर चालेल का, सेन्सर कुठले घ्यायचे आणि प्राण्यांवर टेस्टिंग कसं करायचं.

मी गेली चौदा वर्षं प्राण्यांसाठीची प्रॉडक्ट्स डिझाइन करते आणि दरवर्षी दोनतीन स्टुडंट टीम्सना मदत करते, त्यामुळे सेन्सरचं नाव विचारणारे मला नवीन नाहीत. पण तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात एकही प्राणी नाहीये. कुत्रा की मांजर, वय काय, घरात एकच आहे की दोन, आत्ता नक्की काय बिघडतंय, काहीच नाही. आहे ते सगळं मालकाचं: मालक दिवसभर बाहेर असतो, मालकाला काळजी वाटते, मालकाला नोटिफिकेशन येतं. गाइडना इनोव्हेशन दिसत नाहीये ते बहुतेक यामुळेच, कारण मालकाची काळजी हा विषय घेऊन फीडर, कॉलर, कॅमेरा करून झालेले ढिगाने आहेत.

माझं मत आधी सांगून टाकते, कारणं मागाहून. चौदा आठवड्यात 'करणारं' यंत्र बनवू नका, 'बघणारं' बनवा. करणारं म्हणजे जे प्राण्याच्या आयुष्यात स्वतः हात घालतं, खाणं टाकतं, दार उघडतं, लेझर फिरवतं, लिटर बॉक्स (मांजराच्या शी-शूचा खोका) साफ करतं. बघणारं म्हणजे जे नुसतं मोजतं आणि माणसाला सांगतं. तुमची आयडिया यातल्या कुठल्या खणात बसते ते एका प्रश्नाने कळतं: हे रात्री दोन वाजता बंद पडलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कोणाला कळलंच नाही, तर प्राण्याचं काय होणार? वजन मोजणारी चटई बंद पडली तर एका दिवसाचा आकडा गेला, मांजर त्याच चटईवर मस्त झोपून राहील. फीडर बंद पडला तर ते उपाशी, दार बंद पडलं तर ते बाहेर.

फीडर सगळ्यांना सोपा वाटतो, खोका, मोटर, टायमर, झालं. प्रत्यक्षात ड्राय फूडचा तेलकट भुगा दाणे पुढे ढकलणाऱ्या स्क्रूमध्ये साचत जातो, दमट हवेत दाणे एकमेकांना चिकटून डब्याच्या तोंडाशी कमान धरतात, वरून डबा भरलेला दिसतो आणि खाली एक दाणा पडत नाही. कोडला मात्र वाटतं मोटर फिरली म्हणजे जेवण झालं. माझ्याकडच्या एका टीमचं उलटंच झालं होतं. त्यांनी मोटर आणि ती चालवणारा ईएसपी ३२ नावाचा छोटा कंट्रोलर बोर्ड एकाच सप्लायवर लावलेले, मोटर सुरू होताना एकदम करंट ओढते त्यामुळे व्होल्टेज पडायचं आणि बोर्ड रिसेट व्हायचा, आणि 'बोर्ड चालू झाल्या झाल्या एकदा खाणं टाक' अशी टेस्टिंगसाठी लिहिलेली ओळ काढायची राहून गेली होती. म्हणजे परत मोटर, परत रिसेट, परत मोटर, असं करत अख्खा डबा रिकामा. नशीब की तो टेबलावर होता आणि समोर लॅब्रॅडॉर बसला नव्हता.

आणि हे फक्त विद्यार्थ्यांचं होतं असं नाही. २०१६ मध्ये पेटनेट नावाच्या कंपनीच्या फीडर्सचा सर्व्हर काही तास बंद पडला आणि बऱ्याच घरांत ठरलेल्या वेळी खाणं पडेल की नाही याचा भरवसा राहिला नाही, २०२० मध्ये त्यांचं पुन्हा तसंच झालं आणि तेव्हा प्रकरण काही तासांवर थांबलं नाही. वेळापत्रक यंत्राच्या आत ठेवायचं सोडून इंटरनेटच्या भरवशावर ठेवलं की असं होतं. कुत्र्याचं एखादं जेवण चुकलं तर एरवी फारसं बिघडत नाही, पण इन्सुलिनवर असलेल्या प्राण्याचं बिघडतं, आणि मांजर, त्यातही जाडजूड मांजर, तीनचार दिवस जेवलं नाही तर त्याच्या लिव्हरवर चरबी चढून ते गंभीर आजारी पडू शकतं. तरीही फीडरच करायचा असं ठरलंच असेल तर घड्याळाची चिप बॅटरीसकट बोर्डावर लावा, शेवटचं खाणं कधी टाकलं ते वीज गेली तरी पुसलं न जाणाऱ्या मेमरीत लिहा, मोटरला वेगळा सप्लाय द्या, आणि वाटीखाली वजनाचा सेन्सर लावून खाणं खरंच पडलं का ते तपासा. मग अॅपला वेळ उरणार नाही, ते चालेल.

आता बघायचं म्हणजे काय बघायचं? इथेच डिझाइनचं खरं काम आहे. मला त्या गोष्टी आवडतात ज्या मालकाच्या डोळ्यासमोर रोज असतात पण बदल इतका सावकाश होतो की लक्षात येत नाही. समजा साडेचार किलोचं म्हातारं मांजर आठवड्याला चाळीस ग्रॅम कमी होतंय. रोज मांडीवर घेणाऱ्यालाही ते कळत नाही, वर केसांमुळे अंग भरलेलंच दिसतं. दहा आठवड्यांनी चारशे ग्रॅम गेलेले असतात, म्हणजे जवळपास नऊ टक्के, आणि किडनी, थायरॉइड, डायबेटिस यातलं काहीतरी तोवर बरंच पुढे गेलेलं असू शकतं. घरी वजन करणारे फार कमी, कारण मांजर काट्यावर उभं राहत नाही. पण लिटर बॉक्समध्ये ते दिवसातून दोनचार वेळा स्वतःहून उभं राहतं ना! तुमचा काटा तिथे.

त्याच काट्यावर दुसरी गोष्ट फुकटात मिळते, ती म्हणजे फेऱ्या. बोका सारखा सारखा लिटर बॉक्समध्ये जातोय, बसून राहतोय आणि बाहेर आल्यावर बॉक्सचं वजन वाढलेलंच नाही, याचा अर्थ लघवी अडकलेली असू शकते आणि ती इमर्जन्सी असते, एकदोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. बऱ्याच लोकांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय आणि ते सकाळपर्यंत थांबतात. फेऱ्या जास्त आणि वजन शून्य, एवढी एक गोष्ट नीट ओळखून वेळेत सांगणारं काहीतरी तुम्ही केलंत तरी मी म्हणेन प्रोजेक्ट झाला. फक्त उलटी बाजू लक्षात असू द्या, तुमच्या काट्याने काही सांगितलं नाही म्हणजे बोका ठीक आहे असा अर्थ मालकाने काढता कामा नये, आणि हे सांगायचं कसं हाही डिझाइनचाच प्रश्न.

कुत्रा घेणार असाल तर झोपेतला श्वास बघा. शांत झोपलेल्या कुत्र्याचे किंवा मांजराचे श्वास साधारणपणे मिनिटाला तीसच्या आत असतात, आणि हार्टचा त्रास असलेल्या प्राण्यांच्या मालकांना व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, घरी हे मोजायला सांगतात कारण आकडा सतत वर जायला लागला तर फुप्फुसात पाणी साठत असण्याची शक्यता असते. आत्ता लोक हे कसं मोजतात तर मोबाइलवर टायमर लावून, तीस सेकंद छाती किती वेळा वर आली ते मोजून दुप्पट करतात, आणि पंधरा दिवसांनी कंटाळतात. अंथरुणाखालची सेन्सरवाली चटई हे काम करू शकते. शिवाय तुमचा आकडा बरोबर आला का ते पडताळायला तुमच्याकडे स्टॉपवॉच आहेच, लॅब लागत नाही.

सेन्सरबद्दल. वजनासाठी लोड सेल (वजनाचा सेन्सर) आणि त्याचं रीडिंग बोर्डाला देणारी एचएक्स ७११ चिप हे स्वस्त आणि पुरेसं आहे, फक्त तापमान बदललं की आकडा सरकतो, म्हणून बॉक्स रिकामा असताना दर वेळी शून्य धरून घ्या, आणि मांजर आत वळवळत असतं तेव्हा एक रीडिंग न घेता मधल्या काही सेकंदांचा मध्यक घ्या.

अल्ट्रासॉनिक सेन्सर मात्र नका लावू. ही चूक मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या एका प्रोजेक्टमध्ये मांजर वाटीजवळ आलं की कळावं म्हणून आम्ही तो नेहमीचा दोन डोळ्यांचा अंतर मोजणारा सेन्सर लावला होता, आणि मांजर यायचं, कान मागे पाडायचं आणि निघून जायचं. आम्ही खाणं बदललं, वाटी बदलली, वाटीचा रंगसुद्धा बदलला. दोन आठवड्यांनी आमच्यातल्याच एकाच्या डोक्यात आलं की तो सेन्सर ४० किलोहर्ट्झवर ओरडतो आणि मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही वरचं ऐकू येतं. आपली हद्द २० ला संपते, त्यामुळे आपल्यासाठी ते यंत्र गप्प होतं आणि मांजरासाठी दर सेकंदाला कानाशी किंचाळत होतं. कुत्र्यालाही साधारण ४५ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. त्यानंतर आम्ही इन्फ्रारेड लेझरने अंतर मोजणारी छोटी चिप वापरतो. स्वस्त अॅडॅप्टर आणि मोटर ड्रायव्हरसुद्धा आपल्याला ऐकू न येणारी शिट्टी मारू शकतात, तेव्हा प्राणी यंत्राला टाळतोय असं दिसलं तर आधी प्लग काढून बघा.

घरात दोन मांजरं असली तर कोण आलं ते कसं ओळखायचं हा प्रश्न येणारच. दोघांच्या वजनात अर्धा किलो फरक असेल तर वजनच ओळख, काहीच जोडायला नको. नाहीतर कातडीखालची मायक्रोचिप वाचायची, पण तिचं स्टँडर्ड १३४.२ किलोहर्ट्झचं आहे आणि विद्यार्थी दर वर्षी न चुकता १२५ किलोहर्ट्झचा किंवा ऑफिसच्या कार्डवाला १३.५६ मेगाहर्ट्झचा रीडर घेऊन येतात आणि मग चिप खराब आहे म्हणतात. योग्य रीडर घेतला तरी रेंज काही सेंटीमीटरच, म्हणजे मांजराची मान रीडरच्या अँटेनाजवळून जाईल असं खोक्याचं तोंड डिझाइन करावं लागेल. आणि नाही, त्या चिपमध्ये जीपीएस नसतो, बॅटरीच नसते तर जीपीएस कुठून येणार.

कॉलरबद्दल मी जरा कडक आहे. जंगली प्राण्यांना ट्रॅकर लावताना वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत चालतं असा जुना ठोकताळा आहे आणि विद्यार्थी तो उचलतात. चार किलोच्या मांजराला पाच टक्के म्हणजे दोनशे ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाने साडेतीन किलो गळ्यात बांधून आठवडाभर फिरून दाखवावं. मांजराच्या कॉलरला ओढ बसली की सुटणारं बक्कल हवंच, आणि ते सुटलं की तुमचं हार्डवेअर कुठल्यातरी कुंपणावर लटकलेलं असणार हे धरूनच चाला. केसांतून हार्ट रेट मोजणारे ऑप्टिकल सेन्सर मनगटावर चालतात तसे मानेवर चालत नाहीत, आणि त्वचेच्या बाहेरून घेतलेलं तापमान म्हणजे ताप नव्हे. वॉटरप्रूफचा आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, त्यात चावण्याची टेस्ट नसते. बटण सेल असेल तर तो स्क्रूच्या झाकणाखालीच, कारण गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर तासदोन तासांत आतून भाजतो. एअरटॅग, म्हणजे अॅपलचं हरवलेल्या वस्तू शोधायचं छोटं यंत्र, कुत्र्याला लावणारे पुष्कळ आहेत, पण अॅपलने ते वस्तूंसाठीच असल्याचं सांगितलेलं आहे, आणि त्याच्या आतही बटण सेलच.

आता एआय. तुमच्याकडे किती प्राण्यांचा डेटा असेल, चार? पाच? त्यावर मॉडेल शिकवून सत्त्याण्णव टक्के अॅक्युरसी येते, मला माहितीये, दरवर्षी येते. ती येते कारण एकाच कुत्र्याच्या डेटाचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे करून काही शिकवायला आणि काही तपासायला वापरलेले असतात, म्हणजे मॉडेल तोच कुत्रा परत बघत असतं. एक अख्खा प्राणी बाजूला ठेवा, उरलेल्यांवर शिकवा आणि बाजूला ठेवलेल्यावर तपासा, मग जो आकडा येईल तो रिपोर्टमध्ये लिहा, कितीही पडला तरी. त्यात कॉलर मानेभोवती फिरते, त्यामुळे काल जी दिशा वर होती ती आज बाजूला असते, हेही कोणी धरत नाही. खरं सांगायचं तर तुम्हाला मॉडेल लागतच नाही. प्रत्येक प्राण्याचं स्वतःचं नॉर्मल असतं, दोनतीन आठवड्यांत ते कळतं, आणि त्यापासून तो किती हलला एवढंच सांगायचंय, त्याला साधी सरासरी आणि थोडा धीर पुरतो. 'कुत्रा आनंदी आहे' असं सांगणारं काही मात्र कृपा करून करू नका.

टेस्टिंग. इथे बरंच काही परिस्थितीवर आहे, तुमच्या विद्यापीठाची एथिक्स कमिटी काय म्हणते, ओळखीत व्हेट आहे का, प्राणी किती मिळतात, टीममध्ये सोल्डरिंग येणारं कोणी आहे का. परवानगीचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका, तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. मालकाची सही लागेल पण प्राण्याची सही कुठे घेणार? संशोधक क्लारा मॅन्सिनी यांनी २०११ मध्ये अॅनिमल-कॉम्प्युटर इंटरॅक्शनचा, म्हणजे प्राणी आणि तंत्रज्ञान यांच्या नात्याच्या अभ्यासाचा, जाहीरनामा मांडला तेव्हापासून या क्षेत्रात प्राण्यालाही प्रयोगातला सहभागी धरायचं हा विचार रुजलाय, आणि आमच्या कामात त्याचा अर्थ अगदी घरगुती आहे: जुनी वस्तू काढायची नाही. जुना लिटर बॉक्स तिथेच, नवा शेजारी. जुनी वाटी तिथेच. मांजर आठवडाभर नव्याकडे फिरकलं नाही तर ते तुमचं उत्तर आहे, त्याला आत उचलून ठेवायचं नाही आणि खाऊचं आमिष दाखवून आत बसवायचं तर मुळीच नाही, कारण मग तुम्ही खाऊ टेस्ट करताय. जुना बॉक्स काढून घेतलात आणि मांजराने लघवी धरून ठेवली तर तुम्ही स्वतःच पेशंट तयार केला.

पहिला आठवडा नुसता रिकामा खोका ठेवा, वायर नाही, दिवा नाही. दुसऱ्या आठवड्यात आत वीज, पण हालचाल नाही. कान मागे, शेपूट आपटणं, दबकून बसणं, कुत्र्याचं सारखं ओठ चाटणं, भूक किंवा झोप नसताना जांभया, तोंड फिरवणं, यातलं काही दिसलं तर थांबायचं, आणि थांबलो याची नोंद करायची. ग्लासगोमधल्या एका संशोधक बाईंनी २०२१ मध्ये त्यांच्या स्वतःच्या कुत्र्यासाठी एक चेंडू केला होता, चेंडू हलला की त्यांना व्हिडिओ कॉल लागायचा. त्यातले बरेच कॉल चुकून लागलेले असावेत आणि कुत्र्याला नेमकं काय हवंय ते काही सांगता येत नाही, हे त्यांनी लपवलं नाही. मला तो प्रोजेक्ट त्या प्रामाणिकपणासाठीच आवडतो.

गाइडचं काय करायचं विचारलंत. इकोसिस्टिमची स्लाइड काढून टाका. त्यांच्यासमोर एकाच म्हाताऱ्या मांजराचा तीन आठवड्यांचा वजनाचा आणि फेऱ्यांचा आलेख ठेवा, ज्या दिवशी आकडा विचित्र आला त्या दिवशी घरी काय झालं होतं ते मालकाच्या शब्दांत खाली लिहा, आणि शेजारी तुमचे फसलेले तीन खोके मांडा, कुठल्यात मांजर गेलं नाही आणि का. इनोव्हेशन नाही असं त्यावर कोणी म्हणालं तर मला सांगा, मी येऊन भांडते.

आणि या आठवड्यात काहीच विकत घेऊ नका. चौघांनी चार घरं शोधा, शक्यतो दहा वर्षांच्या पुढचं जनावर असलेली, आणि प्रत्येक घरात एक वही ठेवा: कधी खाल्लं, किती वेळा लिटर बॉक्स किंवा बाहेर, कुठे झोपलं, झोपेत श्वास किती. मालक तिसऱ्या दिवशी कुठली ओळ भरायची सोडून देतो ते बघा, बहुतेक वेळा प्रॉडक्ट त्याच ओळीत असतं. वह्या भरल्या की फोटो पाठवा, सेन्सरचं मग बोलू.